जिन्यावरचं पाणी

विमानतळाच्या सरकत्या दारातून ट्रॉली ढकलत बाहेर आलो, तेव्हा सई काळा स्वेटर घालून उभी होती. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला काळा रंग आवडत नाही. शेजारी माझी बायको वैशाली फोनमध्ये डोकं घालून उभी होती, पण फोनचा पडदा विझलेला होता. पाच आठवडे सोलापुरात काढून मी न्युरेम्बर्गला परत येत होतो. तीस वर्षं टॉवेल-चादरींच्या धंद्यात गेली आहेत. समोरचा का गप्प आहे, हे त्यानं तोंड उघडायच्या आधी मला कळतं. मी ट्रॉली थांबवली आणि विचारलं, “कोण गेलं?” सईचं रडून झालेलं दिसत होतं, आणि तेही त्या दिवशीचं नव्हे. “फरीदे,” ती म्हणाली. मग जर्मनमध्ये, सावकाश, “नऊ दिवस झाले. बाबा, तू आत्ता पहिल्यांदा विचारलंस.”

फरीदेबाई आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या शिराझच्या. तिथं शाळेत शिकवायच्या, इथं येऊन त्यांनी कपडे दुरुस्त करण्याचं छोटं दुकान टाकलं. नवरा दारयुश शहरबस चालवतो आणि मुलगा कियान सईच्याच वयाचा आहे. त्यांच्याबद्दल लिहा, असं वैशाली गेले दोन आठवडे म्हणते आहे. मी टाळत होतो, कारण माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे आणि गेलेल्या माणसाची तक्रार लिहू नये असं म्हणतात. पण तक्रार वगळून लिहिलं तर ते फरीदेबाईंबद्दल होणारच नाही, म्हणून दोन्ही लिहितो.

ओळख झाली ती भांडणानं. म्हणजे मी भांडायला गेलो होतो, त्या भांडल्याच नाहीत. आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची एकच खोली, आणि प्रत्येक घराला वार ठरलेला. शनिवार त्यांचा होता. मला शनिवार हवा होता. मी पुरता तयारीनं गेलो, चार मुद्दे मनात लावून ठेवले होते. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि हात छातीवर ठेवून म्हणाल्या, “तुमचाच आहे शनिवार. घ्या.” मी घेतला. वर येऊन वैशालीला म्हणालो, “बघ, एका वाक्यात काम.” वर्षभरानं दारयुशनं हसत हसत सांगितलं की इराणी माणूस असंच म्हणतो. त्याला ते लोक तारोफ म्हणतात. समोरच्यानं ‘घ्या’ म्हटलं की आपण ‘छे छे’ म्हणायचं, असं दोन-तीनदा व्हायला हवं, मग खरं बोलणं सुरू होतं. मी पहिल्याच ‘घ्या’ला घेऊन मोकळा झालो होतो, आणि त्या वर्षभर दुकान बंद करून मंगळवारी संध्याकाळी कपडे धूत होत्या. मी त्यांना म्हणालो, “तुम्ही सांगायचं होतं!” त्या म्हणाल्या, “आगा म्हेत्रे, तुम्ही विचारलं नाहीत.” आगा म्हणजे साहेब. अखेरपर्यंत मला त्या तशीच हाक मारत.

हे वाक्य तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं...

मग ती साथ आली. हॉटेलं बंद पडली. माझा सगळा माल हॉटेलांसाठीच, त्यामुळे गोदामात टॉवेलांच्या गासड्या छतापर्यंत लागून राहिल्या आणि मी घरात. दुसऱ्या हिवाळ्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. वैशाली सॉफ्टवेअरमध्ये, बेडरूममध्ये टेबल टाकून ती दिवसभर मीटिंगा करायची. बाहेरच्या खोलीत मी, सई, शाळेची न उघडणारी वेबसाइट आणि माझा आवाज. मी ओरडायचो, हे मान्य आहे. सोळाव्या वर्षापासून मागावर सुताच्या कांड्या भरत मोठा झालेला माणूस मी. तिथं खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू येत नाही. “अहो, मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जातंय,” असं वैशाली दार उघडून म्हणायची, आणि मी तिच्यावरही ओरडायचो. दुपारी चारलाच अंधारून यायचं. रस्त्यावर माणूस नसायचं. मधूनच एखादी रुग्णवाहिका, तीही भोंगा न वाजवता, नुसता निळा दिवा भिंतीवर फिरवत जायची. तो दिवा छतावरून सरकला की सई लिहिता लिहिता थांबायची.

एके दिवशी फरीदेबाई मास्क लावून दारात आल्या. म्हणाल्या, “माझं दुकान बंद आहे, टेबल मोठं आहे. कियान एकटा कंटाळतो. सईला पाठवा. बदल्यात मला तुमच्या चादरी हव्यात, बारीक नक्षीच्या.” त्या चादरींचे त्यांनी मास्क शिवले, इमारतीत वाटले, दारयुशच्या डेपोतल्या ड्रायव्हरांना दिले. सोलापूरची वेलबुट्टी तोंडावर बांधून न्युरेम्बर्गचे बसवाले हिंडत होते. मला वाटलं, सौदा बरा जमला. एका टेबलाच्या बदल्यात मी काय काय देणार आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

त्यांचं शिकवणं विचित्र होतं. चूक झाली की त्या आवाज खाली आणायच्या. मूल जितकं चढेल तितक्या त्या उतरायच्या, शेवटी इतक्या हळू बोलायच्या की मुलाला ऐकण्यासाठी गप्प बसावंच लागे. सईनं एकदा रागानं वही फेकली. मी असतो तर... असो. त्यांनी वही उचलली, पुन्हा तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “अजून जोरात फेकता येते का बघ.” सई हसायला लागली. शुक्रवारी मी तिला आणायला खाली जायचो तेव्हा समोवारमधला, म्हणजे इराणी पितळी बंबातला, चहा व्हायचा, आणि त्याच वेळी शिराझहून त्यांचा भाऊ खुसरो याचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यांची आई त्या भावाकडे राहायची.

पहिल्या शुक्रवारी भाऊ म्हणाला, आई झोपली आहे. दुसऱ्या शुक्रवारी म्हणाला, साथीमुळे आईला गावाकडे मावशीकडे ठेवलंय, तिथं नेट येत नाही. फरीदेबाई दर वेळी विचारायच्या, “आई कशी आहे?” आणि मग आमच्यासाठी जर्मनमध्ये सांगायच्या, “बरी आहे म्हणतोय.” मला फारसी येत नाही. पण धंद्यात मी एक शिकलोय. विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, त्याच्या मागच्या गोदामाकडे बघायचं. त्या भावाच्या मागे खिडकीत चार कुंड्या होत्या. आई रोज पाणी घालते त्या कुंड्यांना, असं फरीदेबाईंनीच कौतुकानं सांगितलं होतं. पहिल्या शुक्रवारी पानं लोंबत होती. दुसऱ्या शुक्रवारी पिवळी. तिसऱ्या शुक्रवारी काड्या. आणि भावानं दाढी केली नव्हती, अंगात तोच काळा शर्ट, वर करड्या स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी चहाचा पेला हातात धरून ते बघत बसलो होतो. मला कळलं होतं. फरीदेबाईंना सोडून शिराझच्या घरातल्या सगळ्यांना कळलं असणार, हेही कळलं होतं. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी एकदम द्यायची नाही, तुकड्यातुकड्यानं द्यायची, अशी त्यांच्याकडे रीतच आहे. आपल्याकडेही फार वेगळं नाही.

मी गप्प बसायला हवं होतं, आणि बसलोही होतो. पण चौथ्या शुक्रवारी सकाळी शाळेकडून मेल आला की सईनं तीन आठवडे गणिताचा गृहपाठ दिलेलाच नाही. ती मला रोज ‘दिला’ म्हणत होती. मी तसाच खाली गेलो आणि त्यांच्या टेबलापाशी उभं राहून ओरडायला लागलो. सई खुर्चीत आक्रसली. कियाननं पेन्सिल खाली ठेवली. फरीदेबाई माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन अगदी हळू म्हणाल्या, “आगा म्हेत्रे, ती खोटं का बोलली, ते तिला विचारा.” त्या हळू आवाजानं माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “मला शिकवू नका! खोटं कशाला म्हणतात हे तरी तुम्हाला कळतं का? महिनाभर तुमचा भाऊ तुमच्या तोंडावर खोटं बोलतोय. तुमची आई गेलीय. कुंड्या बघा त्याच्या मागच्या!”

समोवारमधलं पाणी उकळत होतं.

त्या म्हणाल्या, “बसा. चहा घ्या.” मग फोन उचलला, शिराझला लावला आणि एकच वाक्य विचारलं. पडद्यावरच्या माणसानं दोन्ही डोळ्यांवर हात धरला. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि मला जर्मनमध्ये म्हणाल्या, “गेनाऊ. अगदी बरोबर. ओळखलंत तुम्ही.” मग सईकडे वळल्या. “आता तू सांग. गणित का दिलं नाहीस?” सईनं माझ्याकडे न बघता सांगितलं, “येत नव्हतं. येत नाही म्हटलं की बाबा ओरडतो.” इतकंच कारण होतं. तीन आठवड्यांच्या खोट्याचं, आणि मी त्या घरात जे फेकलं त्याचं.

तीन दिवसांनी त्या वर आल्या. हातात हलव्याची बशी होती, केशर आणि गुलाबपाणी घातलेला गडद हलवा, कोणी गेलं की ते लोक करतात तसा. मी माफी मागायचं ठरवलं होतं, पण मला ते नीट जमत नाही. त्यांनी वाटही बघितली नाही. दारातच म्हणाल्या, “माझ्या घरात आजपासून दोन नियम आहेत. मुलांना सांगितलेत, तुम्हालाही सांगते. कोणी विचारलं तर खरं सांगायचं, कितीही वाईट असो. आणि कोणी विचारलं नसेल तर खरं त्याच्या अंगावर फेकायचं नाही.” दुसरा नियम माझ्यासाठी होता, हे मला कळलं. मला झोंबलंही. मी मनात म्हणालो, ओळखलं कोणी? मी. नाहीतर अजून सहा महिने काड्यांकडे बघत बसला असतात.

मुलं नियम आपल्यापेक्षा गांभीर्यानं घेतात. त्याच आठवड्यात कियाननं आईला विचारलं, “तूही मरशील?” मी तिथं होतो. त्या शिवणयंत्रात दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, “हो. कधी ते मला माहीत नाही. माहीत झालं आणि तू विचारलंस, तर सांगेन.” मी म्हणालो, “अहो, एवढ्याशा पोराला असं सांगतात?” त्या म्हणाल्या, “त्यानं विचारलं.” सई टेबलाच्या पलीकडून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. काहीतरी मनात पक्कं करून ठेवल्यासारखा.

काही दिवसांनी तिनं मला विचारलं, “बाबा, आपले टॉवेल विकले जात नाहीत ना?” मी म्हणालो, “छे! सगळं मस्त चाललंय.” ती ‘जा, जा’ म्हणाली, जर्मन लोक म्हणतात तसं, ‘हो हो, कळलं’ अशा अर्थानं, आणि खाली निघून गेली. शाळा उघडल्या, हॉटेलं उघडली, गासड्या निघाल्या, पण सईचं खाली जाणं थांबलं नाही. घरात वरण-भात असायचा, बाप असायचा, आई असायची. माझी मुलगी खऱ्यासाठी खालच्या मजल्यावर जायची. मी हे बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो की चांगलंच आहे, जर्मन सुधारतंय, शेजार आहे. आत मात्र एक मोजमाप चालू असायचं, तिनं खाली काय नेलं आणि वर मला काय उरलं याचं. ओरडणं मी कमी केलं, हेही फरीदेबाईंमुळेच. आवाज खाली आणायला शिकलो. पण विचारायला नाही शिकलो. मी हळू आवाजात सांगायला लागलो, एवढाच फरक.

या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी सोलापूरला निघालो. माणूस प्रवासाला निघाला की फरीदेबाई त्याच्या मागे पाणी ओतायच्या, म्हणजे तो पाण्यासारखा सहज परत येतो. एक लहान तांब्याचं भांडं होतं त्यासाठी, काठावर थोडा चेपलेलं. आमच्या जिन्यावरच ओतायच्या, आणि दर वेळी हाऊसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखरेख करणारा म्हातारा, पायऱ्या घसरड्या होतात म्हणून चिठ्ठी लावायचा. त्या दिवशी त्या जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. गळ्याभोवती जाड शाल, घरातसुद्धा. एका हातात भांडं, दुसऱ्यानं कठडा धरलेला. मी घाईत होतो. “फरीदेबाई, पाणी नको, पुन्हा चिठ्ठी लागेल!” त्या हसल्या. पाणी ओतलं. भांडं हातातून कलंडलं आणि धार दोन पायऱ्या ओलांडून माझ्या बुटावर आली. मी बूट झटकला. मग त्या म्हणाल्या, “आगा म्हेत्रे, निघण्याआधी काही विचारायचंय का?”

मी विचारलं. म्हणालो, “हो, कियानला शर्ट आणतो. कुठलं माप?”

त्यांनी भांडं पालथं करून निथळलं. मग म्हणाल्या, “एक माप मोठा आणा. उशिरा घालेल.”

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. जूनमध्ये कळला होता. दारयुशला माहीत होतं, कियानला माहीत होतं, वैशालीला माहीत होतं. आमच्या घरात सईला सगळ्यात आधी माहीत झालं, कारण एका दुपारी तिनं त्यांना सरळ विचारलं होतं, ‘तुम्ही इतक्या बारीक का झालात?’ सोलापुरातून मी दर दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल करायचो. रंगाऱ्यानं लॉट बिघडवला होता, मी त्याच्याबद्दल बोलायचो. सईच्या मागे, आमच्याच दारापाशी, दोन दप्तरं दिसायची. एकदा मी त्यावरून तिला बोललो, “किती पसारा!” दुसऱ्या एका कॉलमध्ये तिच्या मागे आमच्या ओट्यावर समोवार होता. पितळेचा, फरीदेबाईंचा, जो त्यांच्या घरातून कधी हललेला मी बघितला नव्हता. दवाखान्याच्या त्या दिवसांत कियान आमच्याकडे राहत होता आणि त्याला घरच्यासारखा चहा मिळावा म्हणून दारयुशनं तो वर आणून दिला होता. मी बघितला. तो चकाकतही होता. आणि मी रंगाऱ्याबद्दल बोलत राहिलो. चार हजार किलोमीटरवरच्या परक्या माणसाच्या कुंड्या मला दिसल्या होत्या. स्वतःच्या घरात मी गिऱ्हाइकासारखा तोंडाकडे बघत बसलो.

विमानतळावरून घरी आल्यावर मी नेहमी करतो तेच केलं. ओरडलो. “घरात मी सोडून सगळ्यांना! मी काय परका आहे?” वैशाली म्हणाली, “अहो, फरीदेबाईंनीच सांगितलं होतं, आगा म्हेत्रेंनी विचारलं तर लगेच सांगा. एक शब्द लपवू नका. मी रोज वाट बघत होते तुम्ही विचाराल म्हणून.” मी म्हणालो, “हा कसला नियम! माणूस मरतंय आणि नियम?” सई दारात उभी होती. म्हणाली, “तू आला असतास तर डॉक्टरांशी घासाघीस केली असतीस.” वैशालीला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. खरं आहे ते. केली असती.

माझी तक्रार अजून आहे. एवढ्या शहाण्या बाईनं एका पोरीच्या अंगावर एवढं ओझं ठेवायला नको होतं. चार महिने सई ते घेऊन माझ्यासमोर जेवत होती, शाळेत जात होती, मला हसून टाटा करत होती. त्यांच्या कबरीपाशी गेलो तेव्हा हे मी मोठ्यानं बोललो, मराठीत. माती अजून बसलेली नव्हती. पानं कुजल्याचा वास येत होता, शेजारी पुढच्यासाठी एक खड्डा खणून त्यावर फळ्या टाकून ठेवल्या होत्या. उत्तर काय यायचं! पण परत येताना लक्षात आलं की ते ओझं त्यांनी ठेवलं नव्हतं. सईनं विचारून घेतलं होतं. आणि ते तिच्याकडून काढून घ्यायला एकच माणूस हवा होता, त्यानं एकच प्रश्न विचारायला हवा होता. त्या जिन्यावर त्यांनी तो माझ्या तोंडापाशी आणून ठेवला होता. मी शर्टाचं माप विचारलं.

शर्ट मी कियानला दिला. बाह्या बोटांपर्यंत येतात. त्यानं घडी करून ठेवला. तांब्याचं भांडं फरीदेबाईंनी सईला देऊन ठेवलं आहे. पुढच्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा दिवस आहे, आपल्या तेराव्यासारखा. दारयुश हलवा करायला शिकतो आहे, आमच्या ओट्यावर, कारण एकट्याच्या स्वयंपाकघरात त्याच्यानं उभं राहवत नाही.

परवा मला हँबर्गला जायचं होतं, बंदरात माल आला होता. सकाळची गाडी. मी बॅग घेऊन जिना उतरलो आणि मागून पाण्याचा आवाज आला. वळून बघितलं. वळणावर, त्याच जागी, सई भांडं घेऊन उभी होती. शाळेचा कोट अंगात, केस न विंचरलेले. पाणी पायरीपायरीनं खाली येत होतं. तिच्या मागे जिन्याचा दिवा वेळ संपल्यावर आपोआप विझला आणि तिचा चेहरा दिसेना. गेले काही आठवडे ती कमी जेवते आहे. वैशालीनं दोनदा सांगितलं. मी ऐकलं होतं. खोलीचं दार बंद असतं. वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहून फाडलेलं असतं, कचऱ्याच्या डब्यात बारीक तुकडे दिसतात. हे सगळं मला दिसलं होतं, आणि मी ते बघून ठेवलं होतं, धंद्यात ठेवतो तसं, पुढे कधीतरी लागेल म्हणून.

मी बॅग खाली ठेवली. आवाज आपोआप उतरला, इतका की मलाच ऐकू आला नाही. पुन्हा विचारलं, “सई, तू कशी आहेस?”

आयुष्यात पहिल्यांदा, समोरचा गप्प असताना मी गप्प राहिलो. मग अंधारातून, जर्मनमध्ये नाही, मराठीत आलं, “खरं सांगू?”

मी ओल्या पायरीवर बसलो. गाडी सुटायला अठरा मिनिटं होती. ती सुटली.